बटण बाजारातले, माप आपले
नमुन्यांच्या फोटोंची वेबसाईट कशी उभारावी, याविषयी व्यापारी बांधवांशी चार शब्द

आमच्या कापडधंद्यात नमुन्याची वही ही दुकानाची अब्रू समजली जात असे. जाड पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक पानावर कापडाचा बोटभर तुकडा चिकटवलेला आणि खाली डिझाईनचा नंबर, पन्ना, सुताचा काउंट व रंग लिहिलेला. ही वही मालक कुलपात ठेवी आणि भरवशाच्या गिऱ्हाइकापुढेच उघडी. आज ती वही मोबाईलमध्ये गेली आहे. गिऱ्हाईक कोलकात्यात असो की चेन्नईत, मागावरचा ताका उतरण्याआधी नमुन्याचा फोटो त्याच्या हातात असतो. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु वही आपल्या कुलपात होती. फोटो कोणाच्या कुलपात आहे, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात?

आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. नमुन्यांचे फोटो ठेवण्यासाठी व दाखवण्यासाठी आपल्या बाजारपेठेची स्वतःची सामाईक वेबसाईट असावी. ती पहिल्या खिळ्यापासून नव्याने घडवू नये, जगात उघडपणे मिळणाऱ्या तयार भागांतून जोडावी. आणि जोडताना मापे मात्र आपली द्यावीत. या तीन गोष्टींपैकी एकही वगळली तर पैसे तरी बुडतात किंवा धंदा तरी.

आम्ही संगणकाचे जाणकार नाही. शिक्षण उर्दू शाळेत झाले, संगणकाला हात लागला तो पंचेचाळिशी उलटल्यावर. त्यामुळे येथे जे लिहीत आहोत ते माल विकत घेणाऱ्याच्या नजरेतून लिहीत आहोत. पण धंद्यात घेणाऱ्यालाही मालाची पारख लागतेच.

आमचे पैसे कसे बुडाले

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा दुकानदारांनी मिळून नमुन्यांच्या फोटोंची एक वेबसाईट करावयाचे ठरवले. ज्यांना काम दिले ते म्हणाले, "आम्ही तयार माल लावत नाही, सगळे नवे विणून देतो." कापडवाल्याच्या कानाला हे वाक्य गोड लागते. तयार म्हणजे हलके आणि खास विणलेले म्हणजे उंची, हे आमच्या रक्तात आहे. आम्ही होकार दिला आणि निम्मी रक्कम आगाऊ मोजली.

आठ महिने गेले. हाती जे आले त्यात मोबाईलने काढलेले फोटो आडवे पडत होते. गिऱ्हाइकाने पान उघडले की दोन-दोन मिनिटे ते भरतच राही. सर्वांत वाईट म्हणजे प्रत्येक दुकानदाराचा पासवर्ड एका तक्त्यात जसाच्या तसा, वाचता येईल असा लिहून ठेवलेला होता. तो तक्ता आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पुढे काम करणाऱ्यांना दुसरे मोठे काम मिळाले आणि आमचा फोन उचलला जाईना. दुसऱ्या माणसाला दाखवले तर तो म्हणाला, "हे समजून घेण्यापेक्षा नवे करणे स्वस्त पडेल." दोष सगळा त्यांचाच होता असे आम्ही म्हणणार नाही. ताका उलगडून न पाहता आम्ही गाठ उचलली होती.

त्यानंतर आमच्याच मोहल्ल्यातला एक तरुण भेटला. त्याचे वडील सायझिंगमध्ये कामाला. त्याने आमची सगळी कहाणी ऐकली आणि विचारले, "चाचा, शर्ट शिवणारा कारागीर बटण स्वतः बनवतो का?" आम्ही म्हणालो, "नाही." "बुकरम? दोरा? चेन?" तेही नाही. "मग वेबसाईट शिवणाऱ्याने सगळे घरी का बनवावे?" त्याने सहा आठवड्यांत तेच काम उभे केले. फोटो सरळ दिसू लागले, पान लगेच उघडू लागले. आमच्या डोक्यात जो प्रकाश पडला तो त्या बटणाच्या प्रश्नाने पडला.

तयार भाग म्हणजे काय

फोटो दाखवणारी कोणतीही वेबसाईट घ्या, तिच्यात काही कामे ठरलेली असतात. माणसाचे खाते उघडणे आणि त्याला आत घेणे, फोटो स्वीकारणे, त्याची लहान प्रत तयार करणे, त्याला खुणेचे शब्द लावणे, शोधून देणे, पानापानाने दाखवणे आणि कोणाला काय दिसावे हे ठरवणे. ही कामे जगात हजारो ठिकाणी तशीच्या तशी करावी लागतात. म्हणून जाणत्या लोकांनी ती एकदा नीट करून सर्वांसाठी मोकळी ठेवली आहेत. असे भाग ज्या सांगाड्यावर बसवतात त्याला 'फ्रेमवर्क' म्हणतात. मागाची लोखंडी चौकट म्हणा ना. चौकट तीच राहते, फणी, डॉबी आणि बीम हवे तसे बदलता येतात.

अशा चौकटी अनेक आहेत. रुबी भाषेतली रेल्स २००४ साली बाहेर आली. पीएचपी भाषेत लाराव्हेल आहे. आमच्या तरुणाने निवडली ती पायथन भाषेतली जँगो. तिचा जन्म वाचकांनी ऐकण्यासारखा आहे, कारण तो संगणक कंपनीत झालेला नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' हे वर्तमानपत्र आहे. त्याच्या वेबसाईटचे काम करणाऱ्या एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली ती घडवण्यास सुरुवात केली. बातमीदार आज मागतील ते काम आजच द्यायचे, अशी तिथली घाई. रोज तेच ते पुन्हा लिहिण्यापेक्षा समान काम एकदाच करून ठेवावे, या गरजेतून चौकट तयार झाली. जुलै २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली गेली. तिला पैसे पडत नाहीत. तिचा बीएसडी परवाना असा आहे की मूळ कर्त्यांची नोंद कायम ठेवून ती कोणीही धंद्यात वापरावी.

या चौकटीबरोबर काही भाग आतच येतात. खाते आणि पासवर्डचा भाग त्यात आहे. हा भाग पासवर्ड लिहून ठेवत नाही, त्याचे जणू पीठ करून ठेवतो. पिठातून गहू परत मिळत नाही, तसा त्यातून पासवर्ड परत मिळत नाही. माणूस पुन्हा आला की त्याने दिलेला शब्द दळून दोन पिठे जुळतात का, एवढेच पाहिले जाते. आमच्या आधीच्या वेबसाईटवर आठ महिन्यांत जे झाले नाही ते येथे पहिल्या दिवसापासून तयार होते. मालकाने माल चढवायचा, काढायचा, यासाठीचे पडदेही आतच येतात. वर्तमानपत्राच्या संपादकांसाठी केलेली ही सोय आज दुकानाच्या मुनिमाला उपयोगी पडते.

बाकीचे भाग बाहेरून घेऊन बसवायचे. फोटो उघडणे व कापणे यासाठी पिलो, लहान प्रतींसाठी सोर्ल-थंबनेल किंवा ईझी-थंबनेल्स, खुणेच्या शब्दांसाठी टॅगिट. लहान प्रतीचे महत्त्व हिशेबाने सांगतो. मोबाईलचा एक फोटो ४ एमबीचा धरला, तर ४० नमुन्यांचे एक पान १६० एमबीचे होते. त्याच ४० फोटोंच्या २० केबीच्या लहान प्रती केल्या तर सगळे पान ८०० केबीत बसते. गिऱ्हाइकाने बोट लावले की तेवढाच मोठा फोटो उघडायचा. आमचे जुने पान दोन मिनिटे का घेत होते, हे आम्हाला तेव्हा कळले.

फोटो आडवा का पडतो, तेही कळले. मोबाईल बहुधा फोटो एकाच दिशेने साठवतो आणि वरची बाजू कोणती, याची चिठ्ठी फाईलच्या आत लिहून ठेवतो. ती चिठ्ठी वाचली नाही तर साडीचा पदर डोक्यावर आणि काठ बाजूला. त्याच चिठ्ठीत, मोबाईलमधील जागेची नोंद चालू असेल, तर फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असतात. म्हणजे रंगाईखान्यात काढलेला फोटो रंगाईखान्याचा पत्ता घेऊन गिऱ्हाइकाकडे जातो! लहान-मोठ्या प्रती करताना ही चिठ्ठी वाचून घ्यावी आणि मग काढून टाकावी, हा धडा आधीच्या लोकांनी ठेचा खाऊन शिकलेला आहे. तयार भाग घेण्याचा खरा फायदा हाच. त्याच्याबरोबर आधीच्यांनी केलेल्या चुकांचे शहाणपण फुकट मिळते.

आपल्या मागाचाच दाखला

कोणी म्हणेल, दुसऱ्याचे भाग वापरणे ही कारागिरी नव्हे. अशा बांधवांनी जेकार्डकडे पाहावे. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार याने १८०४ च्या सुमारास भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग आणला. परंतु भोकांचा कागद बूशॉं याने १७२५ मध्येच लावला होता, कागदाऐवजी पुठ्ठे फाल्कोने आणले, आणि व्होकांसोंने त्यापुढचा माग बांधला होता. जॅकारने त्यांचे भाग उचलून नीट जोडले. नाव त्याचे झाले आणि योग्यच झाले, कारण चालणारा माग त्याने दिला. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने गणनयंत्राची योजना आखताना तेच पुठ्ठे घेतले. संगणकाच्या वंशावळीत मागाचे नाव असे आहे. भाग पुन्हा वापरण्याची विद्या आपल्या धंद्यातून तिकडे गेली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आजचा दाखला हवा असेल तर इन्स्टाग्रामचा घ्या. केव्हिन सिस्ट्रोम आणि माईक क्रीगर या दोघांनी तो ६ ऑक्टोबर २०१० रोजी सुरू केला. आधी त्यांचे बर्बन नावाचे दुसरेच काम होते. त्यात लोक फोटोच जास्त टाकतात हे पाहून त्यांनी बाकीचे काढून टाकले. सर्व्हरकडील कामाला त्यांनी जँगोचीच चौकट घेतली, नोंदींसाठी पोस्टग्रेस घेतले आणि फोटो ठेवण्यासाठी अॅमेझॉनचे भाड्याचे कोठार घेतले. पहिल्या दिवशी सुमारे २५,००० लोक आले आणि मशीन धापा टाकू लागले. कारणे शोधताना एक गमतीचे कारण निघाले. वेबसाईटचे इवलेसे चिन्ह जागेवर ठेवायचे राहिले होते आणि ते न मिळाल्याने प्रत्येक वेळी चौकटीला चुकीची नोंद करावी लागत होती. ते चिन्ह ठेवताच मोठा भार उतरला. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने ही कंपनी १ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले तेव्हा तेथे १३ माणसे कामाला होती. १३ माणसांनी प्रत्येक खिळा स्वतः ठोकला असता तर हे होणे नव्हते.

तयार भागातही खोट असते

येथपर्यंत वाचून कोणी उद्याच भाग जमवायला निघाला तर आम्ही त्याला हात धरून बसवू. तयार मालाची खोटही सांगितली पाहिजे.

पहिली खोट अशी की भाग तुमच्या मालकीचा नसतो. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने नावाच्या वादातून रागावून स्वतःचे भाग सार्वजनिक कोठारातून काढून घेतले. त्यातला लेफ्ट-पॅड नावाचा भाग अवघा ११ ओळींचा होता. पण तो हजारो कामांच्या पोटात बसलेला असल्याने जगभर कामे अडली. ११ ओळींसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहू नये. जे मोठे व अवघड आहे ते बाहेरून घ्यावे. चिमूटभर असेल ते घरी करावे आणि घेतलेल्या प्रत्येक भागाची प्रत आपल्याकडे ठेवावी.

दुसरी खोट, भाग जुने होतात. जँगोच्या आतच एकेकाळी अभिप्राय लिहिण्याचा भाग येत असे. २०१३ साली तो काढणार असल्याचे सांगितले गेले आणि २०१५ च्या आवृत्तीत तो मुख्य चौकटीतून गेला. ज्यांनी सूचना वाचली त्यांनी वेगळा भाग बसवला. न वाचणाऱ्यांचे काम अडले. या चौकटीची साधारण दर दोन वर्षांनी एक लांब मुदतीची आवृत्ती निघते आणि तिला सुमारे तीन वर्षे दुरुस्ती मिळते. म्हणजे वेबसाईट एकदा केली आणि झाले, असे नसते. मागाला तेलपाणी लागते तसे येथेही लागते. ज्यांनी तेलपाण्याची रक्कम धरली नाही त्यांनी काम सुरूच करू नये.

तिसरी खोट सुरक्षेची. २०१६ च्या मे महिन्यात इमेजमॅजिक या फोटो कापणाऱ्या प्रसिद्ध भागात असे छिद्र सापडले की मुद्दाम बनवलेल्या फाईलमधून परक्या माणसाला तुमच्या मशीनवर हुकूम चालवता येई. वरून फोटो, आतून चोर! दुरुस्ती लवकर निघाली, पण ती स्वतः जाऊन बसवावी लागते. म्हणून फोटो कोणाकडूनही न घेता नोंदलेल्या दुकानदाराकडूनच घ्यावेत आणि फाईल खरोखर फोटोच आहे याची आत तपासणी व्हावी.

चौथी गोष्ट परवान्याची. बीएसडी आणि एमआयटी परवाने मोकळे आहेत. एजीपीएलसारखा परवाना मात्र अट घालतो की भागात बदल करून लोकांना सेवा देत असाल तर बदललेला मजकूर त्यांनाही द्या. पिक्सेलफेड नावाची फोटोंची तयार वेबसाईट मिळते, ती लाराव्हेलवर उभी आहे आणि तिचा परवाना याच जातीचा आहे. यात वाईट काही नाही, पण सही करण्यापूर्वी कागद वाचावा.

मापे आपली का हवीत

आता आमच्या लेखाचा खरा मुद्दा. प्रत्येक तयार भागात तो बनवणाऱ्याच्या गावचे रीतिरिवाज शिवलेले असतात. ते दिसत नाहीत. पण अंगात घातल्यावर काखेत टोचतात.

फोटोंच्या वेबसाईटचे बहुतेक तयार भाग असे मानून चालतात की फोटो म्हणजे सहलीचा किंवा लग्नाचा, आणि तो जितक्या जास्त लोकांना दिसेल तितके चांगले. म्हणून काही न सांगता बसवले तर फोटो सर्वांना उघडा. आपल्या धंद्यात हे उलटे आहे. डिझाईन कायदा, २००० असे सांगतो की अर्ज करण्यापूर्वी जे डिझाईन लोकांसमोर उघड झाले ते नोंदवता येत नाही. कापडावरील नवी नक्षीही या कायद्यात नोंदवता येते. नोंद झाली तर १० वर्षे आणि नूतनीकरण केल्यास आणखी ५ वर्षे हक्क मिळतो. आता विचार करा. कारागिराने चार रात्री जागून नवी बुट्टी काढली, मुलाने हौसेने तिचा फोटो चढवला, भाग जसा आला तसा बसवलेला, आणि फोटो जगाला उघडा. नोंदीचा हक्क त्याच क्षणी धोक्यात आला. चोरी झाली नाही, कोणी दावा केला नाही. बसवताना एक खूण बदलायची राहिली, एवढेच. म्हणून आमच्या वेबसाईटवर पहिले माप हे दिले की फोटो चढला की बंद, आणि मालकाने नाव घेऊन परवानगी दिली तरच त्या गिऱ्हाइकाला उघडा.

दुसरे माप 'लाईक'चे. फोटोखाली पसंतीचे अंगठे मोजून दाखवणे हा तयार भागांचा आवडता अलंकार. आम्ही तो काढून टाकला. ज्या नमुन्याखाली अंगठे जास्त, तोच नमुना पंधरा दिवसांत शेजारच्या मागावर चढलेला दिसेल. कोणता माल उठतो हे ज्याचे त्याला कळावे. सर्वांना कशाला?

तिसरे माप लिपीचे, आणि येथे तर हसावे की रडावे कळेना. फोटोला नाव दिले की चौकट त्या नावावरून पानाचा पत्ता तयार करते. जँगोचा हा भाग जसा येतो तसा ठेवला तर रोमन नसलेली सगळी अक्षरे गाळतो. मराठी नाव दिले की पत्ता रिकामा. इतर लिप्यांची मुभा चालू केली, तर अक्षरे राहिली पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार गळून पडले. लुंगीची झाली 'लग'. साडीची झाली 'सड'. कापडाच्या दुकानाच्या पत्त्यात 'सड'! ज्यांनी तो भाग बनवला त्यांच्या लिपीत काना-मात्रा नाहीत, त्यात त्यांचा द्वेष नाही. पण आपण पाहिले नाही तर दोष आपला. आम्ही पत्ता नावावरून न ठेवता डिझाईनच्या नंबरावरून ठेवला. नमुन्याच्या वहीतही नंबरच तर असे. आमचे बरेच कारागीर उर्दू लिहितात, म्हणजे उजवीकडून डावीकडे. चौकट ते पेलते, परंतु बाहेरून घेतलेली पाने डावीकडूनच आखलेली असतात. ती पानेही एकेक तपासून घ्यावी लागली.

त्या तरुणाने सहा आठवड्यांचा हिशेब सांगितला तेव्हा कळले की भाग जोडायला जेमतेम दोन आठवडे लागले होते. उरलेले चार मापे देण्यात गेले. मजुरी द्यावी ती या मापांची. जो माणूस भाग जोडून 'झाले' म्हणतो त्याने बाजारातला फ्री साईज शर्ट तुमच्या अंगावर टाकला आहे, असे समजावे.

फुकट मिळते आहे ना?

वडीलधारे व्यापारी म्हणतात, व्हॉट्सअॅप आहे, इन्स्टाग्राम आहे, फुकट आहे, मग हा खटाटोप कशाला? त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. ज्याचे वीस नमुने आहेत आणि दहा गिऱ्हाइके आहेत त्याने एकट्याने वेबसाईट काढू नये. ते खूळ ठरेल. माल दाखवण्यासाठी या मोठ्या कंपन्यांचा आपणही वापर करतो आणि करावा. पण दुकानाची काच वेगळी आणि गोदाम वेगळे. काचेत मांडलेला माल हा गोदामातला एकमेव माल नसावा.

ऑर्कुटची आठवण काढा. आपल्या देशात घराघरांत त्याचे वेड होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. मुदतीत ज्यांनी फोटो उतरवून घेतले त्यांचे वाचले. फोटोबकेट या कंपनीचे उदाहरण तर व्यापाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे. इंटरनेटवर माल विकणारे असंख्य लहान दुकानदार तेथे फोटो ठेवून विक्रीच्या पानावर दाखवत असत. २०१७ च्या जून महिन्यात कंपनीने नियम बदलला आणि असे फोटो दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले. दुकाने उघडी, पण मालाच्या जागी कंपनीची सूचना! २०१८ मध्ये कंपनीने माघार घेऊन फोटो पुन्हा दाखवले, पण मधल्या काळातली विक्री कोणी भरून दिली नाही. आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम तिन्ही एकदमच सुमारे सहा तास बंद पडले होते, हे तर सर्वांनी भोगले आहे. कंपन्यांनी आपल्याशी वैर केले असे नाही. फुकटच्या भाडेकरूला घरमालक नोटीस देत नाही, एवढेच.

खरी अडचण कोठे आहे

आमच्या अनुभवात संगणकाची अडचण लहान निघाली. मोठी अडचण निघाली ती आपल्यातल्या विश्वासाची. सामाईक वेबसाईट म्हटले की पहिला प्रश्न, चावी कोणाकडे? आमच्या सहा जणांत दोघे केवळ याच कारणाने बाहेर पडले. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. एकाच गल्लीत तोच माल विकणाऱ्यांनी एका कोठारात नमुने ठेवायचे, ही सोपी गोष्ट नव्हे.

यावर आम्ही काढलेला मार्ग पूर्ण नाही, पण चालतो आहे. प्रत्येक दुकानाची खोली वेगळी. कोणी कोणता फोटो केव्हा उघडला याची नोंद राहते आणि ती फोटोच्या मालकाला दिसते. मुख्य चावी दोघांकडे, आणि दोघेही कापडाच्या धंद्यातले नाहीत. २०२३ साली देशात व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. गिऱ्हाइकांचे नंबर आणि फोटोत दिसणाऱ्या माणसांचे चेहरे ही त्यांची अमानत आहे, हे आता केवळ नीतीने नव्हे, कायद्यानेही सांगितले जात आहे. म्हणून ज्यांचे चेहरे येतात त्यांना आधी विचारावे, आणि लागत नाही ती माहिती घेऊच नये.

शेवटी ज्या संघटना किंवा चार मित्र असे काम हाती घेतील त्यांच्यासाठी आमची यादी. वेबसाईटचे नाव संस्थेच्या नावावर नोंदवा, बनवणाऱ्याच्या नावावर नको. वापरलेल्या प्रत्येक भागाचे नाव, आवृत्ती आणि परवाना एका कागदावर लिहून घ्या. फोटो आणि नोंदी यांची प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक आपल्या कपाटात, आणि वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे राहते का ते पाहा. पासवर्ड कसा साठवला आहे, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा. जो उत्तर टाळेल त्याला चहा पाजून निरोप द्या. आणि दरसाल तेलपाण्याची रक्कम वेगळी काढा.

आमच्या वस्त्यांत संगणक शिकलेली मुले आज कमी नाहीत. काम मिळत नाही म्हणून ती पुण्या-मुंबईची वाट धरतात, आणि आपण पुण्या-मुंबईहून माणसे बोलावून गाठीत बांधलेला माल उचलतो. त्या मुलांना बटण कोठे मिळते ते ठाऊक आहे. माप आपल्याला ठाऊक आहे. दोघांनी एका ओट्यावर बसले पाहिजे. आमचे बुडालेले पैसे तर परत येत नाहीत. पण ते वाचून एखाद्या बांधवाचे वाचले, तरी आमचा हिशेब जमेत गेला असे आम्ही समजू.